डावा गुडघा

कुबडी गुडघ्यावर बसली तेव्हा माझी गाडी मागच्या चाकावर होती. पुढचं चाक छातीच्या वर फिरत होतं, इंजिन किंचाळत होतं, आणि बाभळीला पाठ टेकून उभ्या असलेल्या दादानं हातातली कुबडी दांडूसारखी फिरवली. हँडल सुटलं. गाडी एकीकडे गेली, मी एकीकडे. मुरमावरून घासत थांबलो तेव्हा कोपराचं सालटं निघालं होतं आणि तोंडात माती नि रक्त एकत्र झालं होतं.

“लवकर काढलास,” दादा म्हणाला.

मी पडल्या पडल्या त्याला शिवी दिली. थोरल्या भावाला देऊ नये अशी.

“दे, आणि एक दे. पण ऊठ. गुडघा लवकर काढलास. लांबनं दिसालाय. मला दिसला म्हंजे त्येला दिसणारच.”

“मारून टाकशील एखाद्या दिवशी.”

“न्हाई मरत. चल, फिरव गाडी.”

दादाला दोन कुबड्या होत्या. एक हातात होती. दुसरी त्यानं समोर माळावर, फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर रोवून ठेवली होती आणि तिला गुडघ्याच्या उंचीवर लाल चिंधी बांधली होती. मी एका चाकावर यायचं, रेघेला धरून सरळ यायचं, आणि अगदी शेवटाला वीतभर डावीकडे सरकून इंजिनापुढच्या लोखंडी गार्डानं ती चिंधी उडवायची. ती चिंधी म्हणजे दौलत पोवारचा गुडघा होता. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. आईला नुसता संशय होता.

लोकांना वाटतं, पुढचं चाक उचललं की गाडीला दिशा राहत नाही. हँडल असतं, पण त्याला धरायला जमीनच नसते, मग वळणार कशी? ऐकायला पटतं. पण तेव्हा गाडी मागच्या चाकावर चालत असते, आणि मागचं चाक हाताचं नाही, बुडाचं आणि गुडघ्याचं ऐकतं. डावा गुडघा टाकीपासून उघडा, डाव्या पायाखाली भार टाका, ती डावीकडे कलते आणि तिकडे जाते. उजवा उघडा, उजवीकडे जाते. दोन्ही आत घट्ट धरलेत तर सुतासारखी सरळ. आणि नजर. जिथं बघाल तिथं ती जाणार, मग तो खड्डा असो नाहीतर माणूस. दादाला आणि मला हे सगळं दौलतनंच शिकवलं होतं.

आमच्या कासारगावात त्याच्याआधी कुणी एका चाकावरची गाडी बघितलीच नव्हती. कोल्हापुरातून त्यानं जुनी आरएक्स मोटारसायकल आणली आणि तालमीतल्या चार पोरांना घेऊन संघ केला. माझा दादा, सुकुमार, त्याचा पहिला चेला. मी शाळेत होतो तेव्हा दौलत माझ्यामागे सीटवर बसायचा, दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर ठेवायचा आणि कानामागून बोलत राहायचा. “डावा आत. आत घे, भरत्या. आता सोड. आत.” पुढं तो मागे बसेनासा झाला, हात काढून घेतले, पण कडेला उभा राहून तसाच ओरडायचा. त्याचा आवाज आला की गुडघा जायचा.

उरुसाच्या तिसऱ्या दिवशी माळावर आमच्या संघाचा खेळ व्हायचा. त्यात शेवटी ‘खिंड’ असायची. फक्कीच्या दोन रेघा मारायच्या, त्यांवर समोरासमोर माणसं उभी करायची आणि मधल्या बोळातून दौलत एका चाकावर धडधडत जायचा. त्या वर्षी डावीकडे शेवटाला दादा उभा होता. दादानं आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं की तो वेगळा संघ काढणार, आणि संघातली दोन पोरं त्याच्याबरोबर जाणार. दौलत हसून म्हणाला होता, “जा की. पोरगं मोठं झालं की वेगळं निघतंयच.”

खिंडीतून गाडी सगळ्यांना सोडून सरळ आली आणि दादाजवळ वीतभर डावीकडे सरकली. मी उजव्या रांगेत, दादाच्या बरोबर समोर होतो. लोखंडाखाली हाड मोडलं तो आवाज अजून कधी कधी ऊस कडाकडा मोडताना मला ऐकू येतो. दादा पडला नाही लगेच. एक पाय भलतीकडे वळलेला, आणि तो त्याच्याकडे बघत उभा, हा कुणाचा पाय म्हणून. मिरजेला गुडघ्याखालून पाय काढला.

शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते हे: “त्यानं डावा गुडघा काढला. मी बघितला.”

पोलिसात कुणी गेलं नाही. तालमीचं तालमीत मिटवायचं, ही आमच्याकडची रीत. हिंदुराव वस्तादांनी दौलतला तालमीतल्या मारुतीपुढं उभं केलं. म्हातारे वस्ताद कुस्तीतले, गाडीतलं त्यांना काही कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “मुद्दाम घातलीस का ते सांग. देवाच्या अंगाला हात लावून सांग.” दौलतनं शेंदरावर हात ठेवला.

“पुढचं चाक उचललं की गाडी माझी न्हाई, ह्या देवाची. हवेतलं चाक कुणाला वळवता येत न्हाई, वस्ताद. मला आलं असतं तर मी सुकुमारला वाचवला नसता?”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गाव हळहळलं. दादाचं म्हणणं कुणी धरलंच नाही. पाय गेलेल्या माणसाच्या मनात काहीही येतं, म्हणाले. मी त्याच संध्याकाळी दौलतला चहाच्या टपरीवर गाठला आणि काचेचा ग्लास त्याच्या तोंडावर फोडला. मग त्याच्या पोरांनी मला टपरीमागे नेलं. माझे पुढचे दोन दात तिथंच कुठंतरी पडले असतील. शेवटी दौलतनंच त्यांना बाजूला केलं. गालातली काच काढत म्हणाला, “सोडा. भाऊ हाय त्यो त्याचा. चिडणारच.” त्या मोठेपणाचा मला मारापेक्षा जास्त संताप आला.

नकली पाय बसवायला दादा नाही म्हणाला. घरी आला तो दोन कुबड्या घेऊन, आणि पुढच्या उरुसापर्यंत त्यानं मला गुरासारखा मारला. रोज दुपारी, लोक जेवून कलंडले की आम्ही माळावर. गुडघा लवकर उघडला की कुबडी. नजर चिंधीकडे आधी गेली की कुबडी. चिंधी चुकली तर तो काही म्हणायचा नाही. डाव उघडा पडला तर सोडायचा नाही.

आमची आई सूर्य मावळायच्या आत जेवणारी, पाणी गाळून पिणारी, दिव्यावर पाखरू येऊ नये म्हणून दिवा झाकून ठेवणारी बाई. तिच्या पोटी आम्ही दोघं असे निपजलो. माझ्या गुडघ्याला हळद लावताना एकदा तिनं दादाला विचारलं.

“सुकुमार, त्याचा पाय गेला म्हंजे तुझा उगवणार हाय का?”

“न्हाई.”

“मग?”

“झोप लागंल.”

ती उठली. हळदीची वाटी उचलून आत गेली.

उरुसाचा तिसरा दिवस आला. माळ माणसांनी भरला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, झाडांवर, शाळेच्या कंपाऊंडवर माणसं. चार कोपऱ्यांत खांबांना कर्णे बांधलेले. दौलतला माईकचा भारी नाद. खेळ चालू असताना बिनवायरचा माईक घेऊन तो मैदानभर फिरायचा, स्वतःची नि पोरांची तारीफ करायचा, आणि त्याचा आवाज कर्ण्यांतून पार आमच्या गल्लीपर्यंत जायचा. वस्ताद मांडवात लोडाला टेकून बसले होते. दादा मांडवाच्या कडेला खुर्चीवर, कुबड्या मांडीवर आडव्या.

“मंडळी,” दौलत माईकवरून म्हणाला, “मागच्या साली आपला सुकुमार चौगुले, माझा लाडका चेला, देवाच्या मर्जीनं जायबंदी झाला. त्याच्यासाठी टाळ्या होऊ द्यात.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानंही वाजवल्या.

मग दादानं माझ्याकडे बघितलं, आणि मी मैदानात शिरलो. वाटेत वाकून मूठभर माती घेतली आणि दौलतच्या बुटांवर टाकली.

आमच्या तालमीत ह्याला जोड मागणं म्हणतात. उरुसात वस्तादांसमोर कुणी कुणाच्या पायावर माती टाकली, तर त्यानं सामोरं जायचं, नाहीतर का जात नाही ते सगळ्यांदेखत सांगायचं. सांगितलं नाही तर तालीम सुटली. ही रीत कुस्तीची. गाडीच्या मैदानात कुणी कधी माती टाकली नव्हती. लोक हसले. दौलतही हसला, माईकवरूनच.

“कुस्ती धरतोस व्हय माझ्यासंगं?”

“कुस्ती न्हाई. मी खिंड करणार. तू उभा ऱ्हा.”

“मी?”

“डावीकडनं शेवटाला. दादा हुता तिथं. बाकी कुणी नको.”

हसणं थांबायला थोडा वेळ लागला. माईक त्याच्या तोंडापाशीच होता, त्याचा श्वास कर्ण्यांतून ऐकू आला. त्याच्या गालावर माझ्या ग्लासाची खूण होती. ती तेवढी पांढरी राहिली आणि बाकीचा चेहरा लाल झाला. तो मांडवाकडे वळला.

“वस्ताद, पोरगं अजून कच्चं हाय. उगं कायतरी हुईल.”

वस्ताद सरळ होऊन बसले. “नको वाटत असंल तर नको म्हण, दौलत. पण का नको ते सांगावं लागंल.”

आता तो काय सांगणार होता? भरत्या माझ्या अंगावर घालेल, म्हणाला असता तर घालता येते हे कबूल. घालता येत नाही म्हणायचं, तर भीती कशाची? दादानं वर्षभर एवढाच एक दरवाजा उघडा ठेवला होता, आणि त्यातून गेलं की बाहेर यायला वाट नव्हती. मला त्या क्षणी फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

दौलतनं लोकांकडे बघितलं. मग छाती काढून माईकवरून बोलला, “मला कशाची भ्या? गाडी काय ठरवून अंगावर येत न्हाई. येऊ दे पोराला. माझाच चेला हाय.”

टाळ्या पडल्या. तो चालत गेला आणि डाव्या रेघेच्या टोकाला, बुटाचा पुढचा भाग फक्कीवर ठेवून उभा राहिला. माईक त्यानं कुणाला दिला नाही.

मांडवामागं उभी केलेली माझी गाडी मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेली. जाताना दादाच्या खुर्चीजवळ थांबलो. तो माझ्याकडे बघत नव्हता, दौलतच्या पायांकडे बघत होता.

“शेवटाला,” तो हलकेच म्हणाला. “अगदी शेवटाला काढ. तोवर त्याच्याकडं बघूच नकोस. मग बघ, आणि काढ. आणि मग थांबू नकोस.”

मी क्लच सोडला. गाडी उठली. ती बरोबर जागेवर उठली की कळतं. वजन नाहीसं होतं, हात नुसते हँडलवर ठेवल्यासारखे होतात, आणि उजव्या पायाखालचा ब्रेक तेवढा माणसाला जमिनीशी बांधून ठेवतो. दोन्ही गुडघे टाकीला घट्ट. डावी रेघ डोळ्याच्या कोपऱ्यात सरकत होती. समोर आभाळ आणि फिरणारं चाक, त्याच्या बाजूने मैदानाचं टोक. सरळ जात होतो मी, शप्पथ, तेवढा सरळ मी पुन्हा कधी गेलो नाही.

कर्ण्यांतून तो बोलत होता. “बघा, बघा मंडळी, गुडघं बघा कसं धरलंय. कुणी शिकवलं? दौलत पोवारनं शिकवलं. येऊ दे. येऊ दे, भरत्या.”

मी बघितलं त्याच्याकडे. पांढरी पँट, खाकी बूट, आणि दादाचा जो गुडघा मिरजेच्या दवाखान्यात नुसता उरला होता त्याच्याच उंचीवर दौलतचा गुडघा. माझ्या मनात एवढंच होतं की आता. मी डाव्या पायावर भार टाकला आणि गुडघा उघडला. गाडी कलली. रेघ चाकाखाली आली.

“डावा आत,” कर्णे ओरडले. “डावा आत घे, भरत्या, वळवालास तू. आत. आत घे.”

त्याच्या पँटचं कापड माझ्या गार्डाला चाटून गेलं. एवढंच. मी पुढं गेलो, ब्रेक दाबला, चाक खाली आपटलं, गाडी आडवी होता होता थांबली. मागे वळून बघितलं तर दौलत तिथंच उभा. दोन्ही पायांवर. माईक तोंडाशी धरलेला, आणि डोळे मांडवाकडे.

फक्त कर्ण्यांतून त्याची धाप.

वस्ताद मांडवातून उतरले. त्यांना उतरायला वेळ लागला, कुणी हात द्यायला गेलं तर त्यांनी झटकला. धोतराचा सोगा खोचत ते दौलतपर्यंत चालत गेले.

“काय म्हणालास त्येला?”

“काय न्हाई, वस्ताद.”

“वळवालास, म्हणालास. डावा आत घे, म्हणालास. सगळ्या गावानं ऐकलंय.” वस्तादांचा आवाज माईकमधून चार दिशांना जात होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. “हवेतलं चाक वळतंय म्हण की मग.”

दौलतची नजर बुटांवरच्या मातीवर गेली.

“माझ्या मारुतीच्या अंगावर हात ठेवलास तू.”

वस्तादांनी त्याच्या कानाखाली मारली. म्हाताऱ्या माणसाची, पण पैलवानाची. दौलत गुडघ्यावर आला आणि माईक हातातून सुटून मातीत पडला. कर्णे एकदा कर्कश ओरडले.

“तालीम सुटली तुझी,” वस्ताद म्हणाले आणि पाठ फिरवली.

हे शब्द म्हणजे काय ते आमच्या गावात पोरासोरांना कळतं. वस्तादांदेखत तालमीतल्या माणसाला तालमीतला माणूस हात लावत नाही. ती भिंत आता पडली होती. पहिल्यांदा धावली ती त्याच्याच संघातली पोरं, टपरीमागे ज्यांनी मला मारलं होतं तीच. वर्षभर ती त्याच्या खोट्याची राखण करत होती, आणि आता गावासमोर आपण त्यातले नव्हे हे त्यांना दाखवायचं होतं. मग बाकीचे आले. लाथा, बुक्के, कुणीतरी मांडवाचा बांबू उपसून आणला. खाली पडलेला माईक चालूच होता. घोळक्यात काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं सगळं. पोटात लाथ बसल्यावर माणसाच्या तोंडून जो वारा जातो तो चार कोपऱ्यांतल्या चार कर्ण्यांतून येत होता. बरगडीवर बांबू बसला तो आवाज ट्रॉलीवर बसलेल्या बायकांनी ऐकला आणि त्यांनी पोरांचे कान झाकले. कर्णेवाला यंत्रापाशी दगड होऊन उभा होता. बंद कर म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मी गाडीवरून उतरलो नव्हतो. माझा डावा गुडघा टाकीला अजून घट्ट चिकटलेला होता.

मग गर्दी फाकली. दादा येत होता. दोन कुबड्या आणि एक पाय, घाई न करता. त्याला बघून पोरं बाजूला झाली. दौलत कुशीवर पडला होता, पांढरी पँट लाल मातीची झालेली, एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. माईक त्याच्या तोंडाजवळ मातीत रुतला होता.

दादानं एक कुबडी काखेत घट्ट केली. दुसरी दोन्ही हातांनी उचलली. मला माहीत होतं तो कसा मारतो. मी वर्षभर खाल्लं होतं.

“दादा,” मी म्हणालो. पुढं काय म्हणायचं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानं एकदाच मारली. डाव्या गुडघ्यावर. तो आवाजही कर्ण्यांतून आला, आणि ह्या वेळी ट्रॉलीवरची एक बाई रडायला लागली. दौलत ओरडला नाही. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

दादानं कुबडी खाली टेकली. त्याला दम लागला होता. आणि मग तो दौलतकडे नाही, माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जो राग होता तो सगळा माझ्यावर होता.

“तू का न्हाई घेतलास? काढला हुतास की. आला हुता त्यो तुझ्या गार्डाखाली. का सोडलास?”

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. त्यांना वाटत होतं मी दया केली. वस्तादही मांडवाच्या पायरीवर थांबून बघत होते. पुढं कितीतरी वर्षं ते तालमीतल्या नव्या पोरांना माझी गोष्ट सांगायचे, हातात आलेला वैरी कसा सोडावा म्हणून. मी त्यांना कधी खोडलं नाही. पण त्या दिवशी मी दादाला खरं ते सांगितलं.

“त्यानं आत घे म्हटलं,” मी म्हणालो. “घेतला गेला.”

दादाला कळलं. जगात दोनच माणसांना ते कळलं असतं. दौलतला उडी मारायला वेळ होता, पण कडेला उभं राहून चेल्याचा गुडघा बाहेर दिसला की तो ओरडायचा, आयुष्यभर ओरडत आला होता; आणि त्याचा आवाज आला की माझा गुडघा आत जायचा. मी ठरवून काही केलं नव्हतं. मी त्याचा पाय मोडायला गेलो होतो आणि माझ्या पायानं त्याचं ऐकलं होतं.

खाली मातीत दौलत हलला. त्यानं मान थोडी वर केली, तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं. उघड्या डोळ्यानं तो मला शोधत होता.

“भरत्या,” कर्ण्यांतून आलं, घोगरं आणि तुटक. “लवकर काढलास. म्हणून दिसलं मला.”

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या काखेतली कुबडी सरकली, त्यानं ती सरकू दिली, आणि तो एका पायावर वाकत, हात टेकत खाली बसला, दौलतच्या शेजारी, त्याच मातीत.

“वर्षभर त्येच सांगालोय त्येला,” तो दौलतला म्हणाला. “ऐकतच न्हाई.”

दौलतनं मान हलवली, दोन मास्तर एखाद्या मठ्ठ पोराबद्दल बोलताना हलवतात तशी. मग माझ्या भावानं गुडघ्याखाली जिथं काही नव्हतं तिथं हात नेला आणि तो रडायला लागला. माईक दोघांच्या मधेच पडला होता. ते रडणं माळावर सगळ्यांनी ऐकलं, गल्लीतल्या घराघरांत ऐकलं, आणि आमच्या घरी आईनं ऐकलं. दिवस अजून मावळायचा होता, तरी ती त्या दिवशी जेवली नाही.